दीड एकरात दयाळाची एकच जोडी का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. नाशिकजवळच्या तुमच्या सोसायटीत दीड एकराची बाग आहे. आंबा, कडुनिंब, बहावा, कामिनीची कुंपणं. तीन वर्षांत तुम्ही दहा लाकडी घरटी टांगलीत, उन्हाळ्यात पाणी ठेवता. तरी दयाळाची, म्हणजे त्या काळ्या-पांढऱ्या गाणाऱ्या पक्ष्याची, जोडी एकच, तीही पहिल्या वर्षापासूनची. एका घरट्यात वीण होते आणि नऊ रिकामी राहतात. उलट कुंपणापलीकडच्या ओसाड प्लॉटवर, जिथं विटांचे ढीग आणि वेड्या बाभळीशिवाय काही नाही, तिथं दोन-दोन नर दिसतात. आणि तुमच्या बागेतला नर मार्चपासून पार्किंगमधल्या गाड्यांच्या आरशांवर तुटून पडतो. तुम्ही विचारलंय, "आमचं काय चुकतंय? पक्ष्यांना ही बाग आवडत नाही का?"

बाग आवडते. इतकी आवडते, की एका नरानं ती अडवून धरली आहे. रिकामी घरटी, प्लॉटवरचे नर आणि आरशावरचे हल्ले, या तिन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात. त्या कारणाला आपण 'हद्द' म्हणू, म्हणजे पक्ष्यानं आपली म्हणून इतरांपासून राखलेली जागा.

मी पंचवीस वर्षं पुणे आणि आसपासच्या भागात विणीच्या हंगामातल्या पक्ष्यांचे नकाशे काढतो. सुरुवातीला माझीही समजूत तुमच्यासारखीच होती: पक्षी म्हणजे झाडं अधिक पाणी अधिक खाणं. झाडं वाढवली की पक्षी वाढणार. नकाशे काढायला लागल्यावर लक्षात आलं, की या हिशेबात एक मोठी गोष्ट राहून जाते. त्या जागेवर आधीपासून कोण बसलंय, ही. पक्षी जिथं दिसतो ती त्याच्या पसंतीचीच जागा असेल असं नाही. बऱ्याचदा ती त्याला मिळालेली जागा असते.

दयाळाचंच बघा. हिवाळ्यात तो जवळपास गप्प असतो, झुडपांतून वावरतो, तुमच्या लक्षातही येत नाही. फेब्रुवारी संपता संपता नर एकदम उंच जागा धरतो: आंब्याचा शेंडा, अँटेना, पाण्याच्या टाकीचा कठडा. पहाटे साडेपाचला सुरू झालेलं ते गाणं आपल्याला मधुर वाटतं. दुसऱ्या नराला त्यात सरळ सूचना ऐकू येते: इथं मालक हजर आहे. मादीला त्याच गाण्यात निमंत्रण ऐकू येतं. इंग्लंडमध्ये एलियट हॉवर्ड या हौशी पक्षीनिरीक्षकानं १९२० साली ही कल्पना नीट मांडली. त्याआधी लोकांना वाटे, की नर मादीसाठी भांडतात. हॉवर्डनं दाखवून दिलं, की कितीतरी जातींत नर आधी येऊन जागा धरतो, मादी नंतर येते. भांडण आधी जमिनीचं असतं.

आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बांधावरून दोन घरांत पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद असतं ना, त्यातलाच प्रकार. फक्त पक्ष्यांचा बांध दगडांचा नसतो, रोज सकाळी गाऊन तो नव्यानं घालावा लागतो.

आता प्लॉटवरच्या नरांकडं येऊ, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा धागा तोच आहे आणि तो तुम्ही जाता जाता लिहिलाय.

एक विचार करून बघा. समजा, पक्ष्यांना कुठंही बसायची पूर्ण मोकळीक असती. मग पहिले पक्षी चांगल्या जागी बसले असते, तिथं गर्दी झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याचं खाणं कमी झालं असतं, आणि ते वाईट जागेइतकंच उरलं की पुढचे पक्षी वाईट जागी बसू लागले असते. म्हणजे जागा चांगली असो वा वाईट, प्रत्येक पक्ष्याच्या पदरात शेवटी सारखंच पडलं असतं. स्टीव्हन फ्रेटवेल आणि हेन्री लुकास या दोघांनी १९७० च्या सुमारास हे गणित मांडलं आणि त्याच्या शेजारी दुसरं मांडलं: पहिल्यांनी हद्द आखून इतरांना आत येऊच दिलं नाही तर? मग चांगल्या जागेतले थोडे पक्षी मजेत राहतात आणि उरलेले वाईट जागेत ढकलले जातात. पहिलीला आपण मुक्त वाटणी म्हणू, दुसरीला दांडगाईची वाटणी. दयाळ दुसऱ्या प्रकारातला. तुमची बाग म्हणजे बागायती जमीन आणि शेजारचा प्लॉट म्हणजे मुरमाड. दोन नर मुरमाडावर आहेत, याचं कारण त्यांना मुरूम आवडतो हे नव्हे.

हे नुसतं कागदावरचं नाही. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात जॉन क्रेब्स यांनी ग्रेट टिट या छोट्या पक्ष्यावर केलेलं काम १९७१ साली प्रसिद्ध झालं. जंगलात ओकच्या झाडांमध्ये काही जोड्या होत्या, तर काही जोड्या जंगलाबाहेर शेतांच्या कुंपणांत राहत. कुंपणातल्या जोड्यांची वीण कमी यशस्वी व्हायची. क्रेब्स यांनी जंगलातल्या काही जोड्या पकडून हलवल्या. रिकाम्या झालेल्या हद्दी बघता बघता भरल्या, आणि आलेले पक्षी कुंपणातलेच होते. म्हणजे कुंपण ही त्यांची आवड नव्हतीच, ते जागेच्या रांगेत उभे होते. पुढं त्यांनी आणखी एक प्रयोग केला. नर हलवल्यावर काही हद्दींत लाउडस्पीकरवरून ग्रेट टिटचं गाणं वाजत ठेवलं, काहींत शिट्टीचा आवाज, काही तशाच शांत ठेवल्या. शांत आणि शिट्टीच्या हद्दी आधी व्यापल्या गेल्या, गाण्याच्या हद्दींत शिरायला पक्षी बराच वेळ धजावले नाहीत. मालक जागेवर नव्हता, नुसता आवाज पहारा देत होता.

त्याहून जुनं, आणि आज वाचताना अंगावर येणारं उदाहरण अमेरिकेतल्या मेन राज्यातलं आहे. १९४९ साली तिथल्या चाळीस एकर स्प्रूसच्या जंगलात, पक्षी कमी केले तर झाडांवरच्या अळ्यांचं काय होतं हे पाहायला, संशोधकांनी बंदुकीनं पक्षी मारले. पक्षी संपेचनात. एक नर पडला की त्याच्या जागी दुसरा गायला लागायचा. शेवटी मारलेल्या नरांची संख्या सुरुवातीला मोजलेल्या नरांच्या दुपटीहून जास्त झाली. गाणारे पक्षी मोजताना जे कधीच दिसले नव्हते, असे तितकेच पक्षी आसपास गुपचूप वावरत होते. अशा हद्द नसलेल्या पक्ष्यांना मी 'फिरस्ते' म्हणतो.

आपल्याकडं असे प्रयोग करायला कायदा सहजासहजी परवानगी देत नाही आणि द्यायलाही नको. पण निसर्ग कधीकधी तोच प्रयोग स्वतः करून दाखवतो. पुण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात मी सलग सहा वर्षं नकाशा काढत होतो. तिथला दयाळ डाव्या पंखातल्या तुटक्या पांढऱ्या पट्टीमुळं मला ओळखू यायचा. एका एप्रिलमध्ये मांजरानं तो मारला. पिसं मी स्वतः उचलली. दोन दिवस आवार शांत होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच विजेच्या खांबावर दुसरा नर गात होता, गाणं जरा वेगळं, मधे मधे अडखळणारं. हा कुठून आला याचा मी शोध घेतला, तर शंभर-दीडशे मीटरवरच्या बांधकामाच्या जागेवर महिनाभर गाणारा एक नर त्याच दिवसापासून तिथून गायब झाला होता. त्याच्या पाठीवर नाव लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं तो हाच, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण माझी समजूत तीच आहे, आणि तुमच्या प्लॉटवरच्या दोघांबद्दलही माझा अंदाज हाच आहे.

यातून एक धोका निघतो, तो मी मुद्दाम सांगतो. ओसाड जागेत पक्षी जास्त दिसले म्हणून ती जागा पक्ष्यांसाठी चांगली, असा निष्कर्ष लोक काढतात. सर्वेक्षणाच्या अहवालांतही मी तो वाचलाय आणि दर वेळी अस्वस्थ झालोय. बिआट्रिस व्हॅन हॉर्न यांनी १९८३ मध्येच बजावून सांगितलं होतं, की प्राण्यांची घनता ही जागेच्या गुणवत्तेची खूण म्हणून फसवी ठरू शकते. चांगल्या जागेतून हाकललेले तरुण पक्षी वाईट जागेत दाटीनं राहू शकतात, आणि तिथं एकही पिल्लू उडत नाही. किती पक्षी दिसले हा प्रश्न सोपा आहे. किती पिल्लं उडाली हे विचारायला वेळ आणि पाय दोन्ही लागतात. उत्तर मात्र तिथंच असतं.

बरं, मग दयाळ दीड एकर अडवतो आणि सुगरणीची वीस-वीस घरटी एकाच बाभळीवर कशी लटकतात? हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल.

हद्द राखणं फुकट नसतं. गाण्यात आणि पाठलागात वेळ जातो, ताकद जाते, शिकऱ्यासारख्या शिकारी पक्ष्यानं टिपण्याची भीती असते. त्यामुळं जे राखून परवडतं तेच पक्षी राखतो. दयाळाचं खाणं जमिनीवर, पालापाचोळ्यात, थोडं थोडं पसरलेलं असतं: किडे, अळ्या, नाकतोडे. ते रोज मिळतं पण मोजकं मिळतं, म्हणून एवढा तुकडा आपल्यापुरता राखला तर पिल्लं जगतात. सुगरण दाण्यावर जगते. दाणा आज या शेतात तर उद्या त्या शेतात, तोही ढिगानं. तो राखायचा कसा आणि कशाला? म्हणून सगळ्या मिळून चरतात आणि नर फक्त आपल्या घरट्याभोवतीची हात-दोन हात जागा राखतो. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींचं जे निरीक्षण केलं, त्यात हे फार सुंदर उलगडलं. नर अर्धवट घरटं विणून थांबतो, माद्या येऊन तपासतात, एखादीला पसंत पडलं की ती ते ताब्यात घेते, मग नर ते पुरं करतो आणि दुसरं विणायला घेतो. विहिरीवर झुकलेली काटेरी फांदी हीच तिथली मोलाची जागा, म्हणून ओढाताण फांदीपुरती. शेत सगळ्यांचं.

एकच पक्षी ऋतूनुसारही वागणं बदलतो. फुलांतला मध पिणारा चिमुकला शिंजीर बघा. बागेत जास्वंदीची आणि शंकासुराची मोजकी फुलं असतील तर जांभळा शिंजीर त्या झुडपाभोवती दुसऱ्याला फिरकू देत नाही. तोच शिंजीर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेल्या पांगाऱ्यावर पाहा. तिथं साळुंक्या, भांगपाडी मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे, सगळी जत्रा असते आणि शिंजीर निमूटपणे एका फांदीवर आपलं काम उरकतो. मध इतका आहे की राखायची गरज नाही, आणि गर्दी इतकी आहे की राखणं शक्य नाही. केनियात फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ यांनी १९७५ मध्ये सोनपंखी शिंजिरावर याचाच हिशेब मांडला: फुलं राखल्यानं वाचणारी ताकद पाठलागात जाणाऱ्या ताकदीपेक्षा जास्त असेल तेव्हाच तो फुलं राखतो. एखाद्या जागेत एका जातीचे किती पक्षी मावतील याला म्हणूनच ठरलेला आकडा नाही. खाणं दाट असेल तर हद्द लहान करून भागतं. पण खाणं दाट असलं की शिरकाव करणारेही वाढतात, आणि तेही हद्द आक्रसायला लावतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात.

हद्दीचा संबंध फक्त विणीशी आहे असंही नाही. हिवाळ्यात आपल्याकडं येणारा हिरवट पर्णवटवट्या, बोटभर जीव, वीण करतो हिमालयात आणि त्याच्या पलीकडं. पण दक्षिण भारतात आल्यावर तो एकट्यानं झाडांचा एक पुंजका धरतो आणि हिवाळाभर राखतो. ट्रेव्हर प्राइस आणि मधुसूदन कट्टी यांच्या अभ्यासांतून हे पुढं आलं, शिवाय पायात रंगीत कडी घातलेले पक्षी पुढच्या वर्षी त्याच जागी परतलेलेही दिसले. हजारो किलोमीटर उडून यायचं आणि तीच चार झाडं धरायची! सप्टेंबरच्या अखेरीस तुमच्या कडुनिंबावर 'चिस्-वी, चिस्-वी' ऐकू आलं, तर तीसुद्धा हद्दीचीच हाळी समजा. ओढ्याकाठचा करडा धोबी हा पक्षीही असाच.

हिवाळ्यातली जागा कुणाला कसली मिळाली, याचे परिणाम लांबवर जातात. जमैकात अमेरिकन रेडस्टार्ट या पक्ष्याचे बहुतेक प्रौढ नर खारफुटीची ओली, किड्यांनी भरलेली जागा बळकावतात आणि माद्या व तरुण नर कोरड्या झुडपांत ढकलले जातात. पीटर मारा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कोरड्या जागेतले पक्षी हिवाळाअखेर वजनानं खंगतात, उत्तरेकडं उशिरा निघतात आणि विणीच्या जागीही उशिरा पोचतात.

आतापर्यंत मी एकाच जातीतल्या भांडणाबद्दल बोललो. एक जात दुसरीला हाकलते तेव्हा चित्र आणखी बदलतं. ऑस्ट्रेलियात नॉइझी मायनर नावाचा पक्षी आहे. नाव ऐकून आपली साळुंकी डोळ्यांसमोर येते, पण तो वेगळ्या कुळातला, तिथला मूळ रहिवासी. हे पक्षी टोळीनं राहतात आणि आपल्यापेक्षा लहान जवळपास प्रत्येक पक्ष्याला निलगिरीच्या जंगलतुकड्यातून पिटाळतात. जंगल तोडून तुकडे झाले, कडा वाढल्या आणि यांचं फावलं. झाडं उभी आहेत, कीटक आहेत, तरी छोटे पक्षी नाहीत. तिथल्या केंद्र सरकारनं २०१४ मध्ये हा प्रकार अधिकृतपणे जैवविविधतेवरचा धोका म्हणून नोंदवला. माझ्या माहितीतलं, हद्दीमुळं अख्खी वस्ती पालटल्याचं सर्वांत ढळढळीत उदाहरण हेच.

आणि याच्या नेमकं उलट, आपला कोतवाल. त्याचं नावच बोलकं आहे. घरट्याजवळ आलेल्या कावळ्याच्या, घारीच्या, शिकऱ्याच्या पाठीवर बसून तो टोचतो, मग समोरचा कितीही मोठा असो. पण हळद्या, होला, बुलबुल यांना तो त्रास देत नाही, आणि ही मंडळी अनेकदा कोतवालाच्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर घरटं करतात. एका पक्ष्याची हद्द इथं दुसऱ्यांना ओढून आणते. मे-जूनमध्ये एखाद्या झाडावर कोतवालाचं घरटं सापडलं, की मी आसपासची झाडं पानन् पान पाहतो. बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच.

म्हणजे शेजार नेहमी नकोसाच असतो असं नाही. कधीकधी पक्षी आपल्याच जातीचा आवाज ऐकून जागा निवडतात, 'इथं कुणी राहतंय म्हणजे जागा बरी असणार' असा तो कौल. टेक्सासमध्ये ब्लॅक-कॅप्ड व्हिरिओ या दुर्मीळ पक्ष्याचं गाणं रिकाम्या पण योग्य अधिवासात वाजवल्यावर पक्षी तिथं येऊन खरंच वसले. हे वाचून लगेच मोबाइलवर दयाळाचं गाणं लावू नका, कळकळीची विनंती. तिथं जागा रिकामी होती. तुमच्या बागेत मालक बसलेला आहे. त्याला तो आवाज घुसखोराचा वाटेल, तो घरटं आणि पिल्लं सोडून तुमच्या फोनशी लढत बसेल.

आरशाचं कोडं इथंच सुटतं. आरशातलं प्रतिबिंब म्हणजे त्याच्या नजरेत हद्दीच्या मधोमध उभा असलेला अनोळखी नर. ओळखीच्या शेजाऱ्याशी पक्षी तुलनेनं सबुरीनं वागतात, कारण त्याचा बांध ठरलेला असतो. उपरा दिसला की मात्र जिवावर उठतात. खरा उपरा बहुतेक वेळा माघार घेतो, आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो तसं. प्रतिबिंब मात्र हटत नाही, उलट चोचीला चोच लावतं. इंग्लंडमधल्या डार्टिंग्टन इथं डेव्हिड लॅक यांनी १९३० च्या दशकात रॉबिनवर प्रयोग केले तेव्हा पेंढा भरलेला रॉबिनच काय, छातीच्या लाल पिसांचा नुसता झुबका तारेवर लावला तरी हद्दीचा मालक त्यावर चालून गेला. आरशातला दयाळ त्या झुबक्यापेक्षा कितीतरी खरा दिसतो.

उपाय साधा आहे. मार्च ते जुलै गाडी उभी केल्यावर आरशांवर जुने मोजे किंवा कापडी पिशव्या चढवा, किंवा आरसे मिटून ठेवा. खिडकीच्या काचेवर हल्ला होत असेल तर आतून पडदा लावून भागत नाही, कारण प्रतिबिंब बाहेरच्या बाजूला पडतं. काचेवर बाहेरून साबणाचा पाण्यातला लेप किंवा कागद लावा. पक्ष्याला हुसकू नका. रोजची ही झुंज त्याला महाग पडते, आणि मादी अंड्यांवर बसलेली असताना राखण करायचं काम त्याच्याचकडं असतं.

आता घरटी. एका जोडीच्या हद्दीत दयाळासाठीची दहा घरटी टांगली तरी एकच भरणार, फार तर ती जोडी पुढच्या विणीला दुसरं घेईल. दोन राहू द्या, एकमेकांपासून शक्य तितकी लांब, इमारतीच्या दोन विरुद्ध बाजूंना, जिथून एकीकडून दुसरीकडं दिसत नाही. बाकीच्यांचं तोंड लहान करा, साधारण ३२ मिलिमीटरचं, आणि ती चिमण्यांना द्या. चिमणी घरट्यापुरतीच जागा राखते, त्यामुळं ओळीनं चार लावली तरी चार भरू शकतात. मोठं तोंड तसंच ठेवलंत तर त्यात साळुंकी येण्याचा संभव आहे. ते वाईट नाही, पण दयाळाला ढोलीवरून साळुंकीशी भांडावं लागतं आणि बहुधा दयाळच हरतो.

दयाळाची दुसरी जोडी बसवता येईल का? येईलही, पण ते तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथं बसून दिसत नाहीत. तुमची जमीन किती उघडी आहे आणि पेव्हर ब्लॉकखाली किती गेली आहे? माळी रोज पाला झाडून जाळतो का? फवारणी होते का? मांजरं किती आहेत? दीड एकरात एकच जोडी हे माझ्या नकाशांवरचं अगदी नेहमीचं चित्र आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. तरी प्रयत्न करायचा असेल तर मी नवीन झाडं लावण्याआधी पालापाचोळा वाचवीन. बागेच्या एका कोपऱ्यात पाला वर्षभर तसाच कुजू द्या, फवारणी थांबवा. खाणं दाट झालं की तेवढ्याच पिल्लांसाठी नराला कमी जमीन पुरते. दुसरं, बागेच्या मधोमध करवंद, तोरण, अडुळसा असली देशी झुडपं दाट वाढू द्या. तुमचं लॉन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळं आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे एका खांबावर बसून नर सगळं आवार नजरेत ठेवू शकतो. नजर अडली की राखण अवघड होते आणि पलीकडं दुसऱ्याला पाय रोवायला जागा मिळते. एका जुन्या वसाहतीत मधलं झुडुपी कुंपण छाटणं बंद केल्यावर तिसऱ्या वर्षी मला हद्दीची रेघ बरोबर त्या कुंपणावरून गेलेली दिसली. एका उदाहरणावरून नियम करू नये, पण करून पाहण्यासारखं नक्की आहे.

आणि त्या ओसाड प्लॉटकडं दुर्लक्ष करू नका. आज ती मुरमाड जमीन असली तरी तुमच्या बागेतला नर मेला तर त्याची जागा घेणारा बहुधा तिथूनच येईल. तिथल्या वेड्या बाभळी काढायचं ठरलं, तर निदान विणीच्या महिन्यांत काढू नयेत एवढं मालकाला सांगून बघा.

पुढच्या हंगामात एक काम करा. बागेचा आणि प्लॉटचा मिळून हातानं एक नकाशा काढा, त्याच्या दहा प्रती काढा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून दर पंधरवड्याला एकदा, पहाटे तासभर फिरून गाणारा प्रत्येक नर त्यावर खुणेनं दाखवा. सगळ्यात मोलाची नोंद म्हणजे दोन नर एकाच वेळी गात असतील ती. त्या दोन खुणा तुटक रेषेनं जोडा, कारण ते दोन वेगळे पक्षी आहेत याचा तोच खात्रीचा पुरावा. पाठलाग दिसला तर कुठून कुठं, आणि नर कुठं थबकून मागं वळला, ते बाणानं दाखवा. जूनच्या अखेरीस सगळ्या प्रती एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. खुणांचे पुंजके आपोआप दिसतील, आणि जिथं नर मागं वळले ती रेघही. इंग्लंडमध्ये १९६२ पासून कितीतरी वर्षं पक्ष्यांची गणती याच पद्धतीनं झाली, अवघड काही नाही.

नकाशे झाले की मला पाठवा. प्लॉटवरच्या दोघांपैकी कुणाला मादी मिळाली का आणि तोंडात अळी धरून ये-जा करताना कुणी दिसलं का, हे मात्र तारखेसह लिहा.